अमळनेरहून मुंबई मॅरेथॉन आणि वसतिगृहासाठी दोन लाख

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका, सकाळी पाच-सहा किलोमीटर न थांबता धावता येतं. येत्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला ४२ किलोमीटर धावायचंय आणि त्या निमित्ताने धडगावकडच्या मुलींच्या एका वसतिगृहासाठी दोन लाख रुपये उभे करायचेत. आत्ता जुलै चालू आहे. हे जमेल का, आणि लोकांकडे मागायचं कसं?

दोन लाख जमतील. ४२ किलोमीटर या जानेवारीत नको, हाफ म्हणजे २१ किलोमीटर धावा.

मी जळगावात बरीच वर्षं धावतेय, नव्या लोकांना धावायला शिकवते आणि संस्थांसाठी असा निधी जमवणाऱ्यांना मदतही करते. त्यावरून एक नक्की सांगते, अंतर वाढवलं म्हणून देणगी वाढत नाही. आपल्याकडे तीन किलोमीटरच्या प्रभातफेरीच्या फलकावरही ‘मॅरेथॉन’च लिहिलेलं असतं. दाल मिलच्या मालकाला किंवा तुमच्या मामांना २१ आणि ४२ मधला फरक जाणवत नाही. त्यांचा पहिला प्रश्न वेगळाच असतो: “पयाना पैसा भेटस का तुले?” म्हणजे, पळायचे पैसे मिळतात का तुला? नाही, उलट भरावे लागतात, असं सांगितलं की ते हसतात, आणि मग खरी बोलणी सुरू होतात. लोक पैसे देतात ते तुमच्या ओळखीवर आणि पुढे हिशोब मिळेल या खात्रीवर. धावण्यामुळे तुम्हाला मागायला निमित्त मिळतं आणि एक पक्की तारीख मिळते. तारीख फार उपयोगी पडते, कारण “बघू पुढे” म्हणणाऱ्याला तुम्ही जानेवारीचा तिसरा रविवार दाखवू शकता.

कॅनडातल्या टेरी फॉक्सचं उदाहरण देते. हाडाच्या कर्करोगात त्याचा उजवा पाय गेला होता. १९८० साली कृत्रिम पायावर तो रोज जवळजवळ एक मॅरेथॉन धावत १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर गेला. कर्करोगाच्या संशोधनासाठी त्याचं मागणं होतं माणशी एक डॉलर. सुरुवातीच्या टप्प्यात पोर्ट ओ बास्क नावाच्या दहा हजार वस्तीच्या गावाने त्याला दहा हजार डॉलर दिले. पुढे क्वेबेक प्रांतात मात्र रस्त्यावर कुणी फिरकेना, कारण तिथली बोली फ्रेंच, आणि हा पोरगा कोण, कशासाठी धावतोय, हे लोकांपर्यंत पोचलंच नव्हतं. धावणारा तोच आणि मेहनतही तीच होती, पण आधी सांगितलेलं नव्हतं तिथे झोळी रिकामी राहिली. म्हणून तुम्हाला सांगते, आठवड्यातले जितके तास धावाल त्याच्या निम्मे तरी फोन करायला आणि लोकांच्या घरी जायला ठेवा.

आता तुमच्या नोकरीचं. निधीच्या उत्साहात शिक्षक मंडळी हे हमखास विसरतात. पूर्वपरवानगीशिवाय वर्गणी किंवा देणगी गोळा करायला सरकारी कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांत मनाई आहे, आणि जिल्हा परिषदेच्या सेवेलाही तसेच नियम आहेत. गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत लेखी अर्ज द्या. त्यात संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक आणि पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाणार हे स्पष्ट लिहा. परवानगी हातात आल्यावरही विद्यार्थ्यांच्या पालकांकडे मागू नका. त्यांना नाही म्हणता येत नाही, आणि तालुक्याच्या गावात असली गोष्ट झाकून राहत नाही.

पैसे स्वतःच्या खात्यात किंवा स्वतःच्या फोनच्या क्यूआर कोडवर अजिबात घेऊ नका. माणूस कितीही सचोटीचा असो. गणपतीच्या वर्गणीसाठी मंडळांना धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते, हे तुम्हाला ठाऊक असेल. नोंदणीकृत ट्रस्ट नसलेल्या कुणीही धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा केले की तो तिढा उभा राहतो. देणगी थेट ट्रस्टच्या खात्यात गेली की तो प्रश्न येत नाही, आणि “ताईंनी पैशाचं काय केलं” हा प्रश्नही नाही. त्यासाठी संस्थेकडून आधी चार कागद मागून घ्या: ट्रस्ट नोंदणीचं प्रमाणपत्र, पॅन, चालू मुदतीचं ८०जी (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारं प्रमाणपत्र) आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल. अहवाल द्यायला जी संस्था टाळाटाळ करते तिच्यासाठी घाम गाळू नये, काम कितीही पुण्याचं असो.

८०जी बद्दल लोकांना अर्धवट सांगू नका. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत आणि फक्त जुन्या करप्रणालीत. तुमचे बरेच सहकारी नव्या प्रणालीत गेले असतील, त्यांना काहीच सूट मिळणार नाही. दोन हजारांच्या वर रोख दिली तर वजावट जाते. शिवाय आता नुसती छापील पावती पुरत नाही. संस्थेला आयकर खात्याकडे देणगीदारांचं विवरण भरावं लागतं आणि तिथून निघालेलं प्रमाणपत्र देणगीदाराला द्यावं लागतं. म्हणून प्रत्येकाचं पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन त्याच दिवशी वहीत टिपून ठेवा. विवरण भरायच्या वेळी, मे महिन्यात, सगळ्यांच्या मागे लागणं फार जिवावर येतं.

अमेरिकेतला चुलत भाऊ प्रत्येक घरात असतो, त्याचंही सांगते. तो अजून भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. तो अमेरिकन नागरिक झाला असेल तर धरली जाते, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी. अशा वेळी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याची, नोंदणी असावीच लागते. सातपुड्यातल्या लहान संस्थांकडे ती बहुधा नसते. भावाला डॉलर पाठवायला सांगण्याआधी हे विचारून घ्या, नाहीतर तुमच्या पाचशे डॉलरपायी संस्था अडचणीत यायची.

मुंबई मॅरेथॉनची स्वतःची निधीची व्यवस्था आहे. युनायटेड वे मुंबई ती पाहते. ज्या संस्था तिथे नोंदवलेल्या असतात त्यांच्यासाठी तुम्ही ऑनलाइन पान उघडू शकता, आणि ठरावीक रक्कम जमवणाऱ्यांसाठी धावण्याच्या काही जागाही राखीव असतात. रकमेचा आकडा आणि नियम दरवर्षी बदलतात, ते त्या वर्षीचे वाचा. तुमचं वसतिगृह त्या यादीत नसण्याचीच शक्यता जास्त. त्याने काही अडत नाही. साधी नोंदणी करून धावा आणि निधी ट्रस्टच्या खात्यात स्वतंत्र जमवा. फक्त पत्रकावर मॅरेथॉनचं बोधचिन्ह छापू नका, त्यातून अधिकृत उपक्रम असल्याचा समज होतो.

आता मागण्याकडे वळू. ‘वसतिगृहाला मदत’ म्हणून मागितलं तर दोनशे-पाचशेच्या नोटा येतात. एखादी वस्तू ठरवून मागितलं तर रक्कम बदलते. वसतिगृहाच्या अधीक्षिकांना विचारा, सगळ्यात जास्त कशाची अडचण आहे. अक्राणीच्या, म्हणजे धडगाव भागातल्या, डोंगरात थंडी आपल्यापेक्षा कडक असते. समजा त्यांनी सोलर वॉटर हीटर सांगितला, तर त्याचं कोटेशन लेखी घ्या आणि तेवढ्यासाठीच मागा.

रकमेची मांडणी मी अशी करेन. हाफ म्हणजे २१ किलोमीटर. एकेक किलोमीटर एकेका घराच्या नावाने, पाच हजार रुपयांना. एक लाख पाच हजार इथेच झाले. आपल्याकडे देवळातल्या पंख्यावर आणि बाकड्यावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ लिहिलेलं असतंच ना, तीच भावना आहे. आजोबांच्या नावाने सहावा किलोमीटर धावणार म्हटलं की माणूस पाचशेवर थांबत नाही. उरलेल्यात पन्नास जणांकडून हजार आणि ऐंशी जणांकडून पाचशे. त्यात तुमचे पाच हजार, आणि ते सगळ्यात आधी भरायचे. कागदावर बरोबर दोन लाख होतात. प्रत्यक्षात हजारवाले कमी पडतात आणि पाचशेवाले वाढतात, म्हणून यादीत निदान अडीचशे नावं हवीत.

पहिल्या दहा जणांना मेसेज करू नका. घरी जा, नाहीतर फोन करा. त्यांचे आकडे लागले की बाकीचे त्याच मापाने देतात. पहिलाच आकडा १०१ लागला तर पुढची रांग १०१ चीच लागते, हे मी वारंवार पाहिलंय. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेल्या आवाहनाला हात जोडलेल्या खुणा भरपूर येतात, पैसे येत नाहीत. ग्रुपवर फक्त प्रगती सांगायची.

मेसेज लिहायचा तर काहीसा असा लिहा: “नमस्कार मामा. जानेवारीत मी मुंबईत २१ किलोमीटर धावणार आहे. धडगावकडच्या वसतिगृहातल्या मुली थंडीत गार पाण्याने आंघोळ करतात. तिथे सोलर हीटर बसवायला दोन लाख लागतील, कोटेशन सोबत आहे. माझे पाच हजार मी भरलेत. प्रवेश शुल्क, गाडीभाडं, राहणं हा खर्च माझा. एक किलोमीटर आजोबांच्या नावाने धावायची इच्छा आहे, त्याचे पाच हजार तुम्ही द्याल का? पैसे थेट संस्थेच्या खात्यात जातील आणि पावती तुमच्या नावाने येईल.” यातलं खर्चाचं वाक्य गाळू नका. ‘आमच्या पैशाने मुंबईची सहल’ ही शंका लोक तोंडावर बोलत नाहीत, पण मनात असते. आकडाही गाळू नका. ‘यथाशक्ती’ म्हटलं की शक्ती एकाएकी कमी होते.

वेळ साधणं हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. आत्ता जुलैत शेतकऱ्याकडे मागू नका, बियाण्या-खतात हात रिकामे झालेले असतात. पण श्रावणात कानबाई, आपला खान्देशातला देवीचा सण, येते. सुरत, पुणे, नाशिक, जिथे कुठे भाऊबंद पांगलेत ते रोटांच्या नैवेद्यासाठी घरी येतात. तेव्हा फक्त सांगून ठेवा, मागू नका. ‘पोरगी मुंबईला पयनार’ ही बातमी तुमच्या आधी गावोगाव पोचेल. दिवाळीच्या आसपास कापूस घरात येतो, व्यापाऱ्यांचे हिशोब होतात. दिवाळीनंतरचे पाच-सहा आठवडे हा तुमचा हंगाम. डिसेंबरअखेर यादी संपवायची. धावून आल्यावर देतो म्हणणाऱ्यांपैकी फार थोडे देतात, त्यामुळे वायदे मोजायचे नाहीत, जमा झालेली रक्कम मोजायची.

अमळनेरचा एक विशेष फायदा तुम्हाला आहे. १९४५ साली विप्रो तिथे सुरू झाली, तेलाच्या कारखान्यापासून. त्या काळी घेतलेले शेअर जपून ठेवलेली घरं गावात आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या दारात मागणारेही म्हणूनच पुष्कळ असतात. तिथे भावनेवर भाषण देऊ नका. दोन पानांची फाईल न्या: काम, कोटेशन, लेखापरीक्षण, ८०जी. अशी माणसं कागद वाचतात, आणि कागद चोख असले तर एका बैठकीत चार किलोमीटर घेतात. कंपन्यांच्या सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीच्या, मागे मात्र यंदा लागू नका. त्याला संस्थेची वेगळी नोंदणी लागते, प्रस्ताव लागतो, आणि जानेवारीपर्यंत उत्तरही येणार नाही.

आता धावण्याचं. सहा किलोमीटरवरून सहा महिन्यांत ४२ गाठणारे असतात, मी नाही म्हणत नाही. पण रोजची शाळा, घर आणि वर निधीचं काम सांभाळून ते केलं तर नोव्हेंबरात नडगी किंवा गुडघा धरतो, आणि नेमक्या मागायच्या हंगामात तुम्ही लंगडत असता. हाफसाठी आठवड्यातले चार दिवस पुरतात. दोन दिवस पाच-सहा किलोमीटर सावकाश, एक दिवस थोडं जोरात किंवा चढावर, रविवारी लांब. लांब धाव आठवड्याला फार तर एक किलोमीटरने वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा. गणपतीपर्यंत दहा, दिवाळीपर्यंत चौदा, नाताळापर्यंत अठरा झाले की बस. एकवीस आधी धावून पाहायची गरज नाही. शेवटचे दोन आठवडे कमी करत न्या. वेगाचं माप एकच, धावताना शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे.

सुरुवातीलाच डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्याकडच्या बायकांत ते कमी असणं इतकं सर्रास आहे की दम लागतो तो सरावाच्या अभावाने की रक्त कमी म्हणून, हे कळतच नाही. पहाटे एकटीने गावाबाहेरच्या रस्त्याला जाऊ नका. कुत्री आहेत, अंधारात भरधाव जाणारे डंपर आहेत, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि सापही आहेत. आणखी दोघी-तिघी जमवा, नाहीतर मैदानावरच फेऱ्या मारा. कंटाळवाणं आहे, पण चालतं. कपड्यांवरून सुरुवातीला लोक बघतील, महिनाभराने बघायचे थांबतात. स्पोर्ट्स ब्रा मात्र चांगली घ्या, आणि घासतं तिथे व्हॅसलीन. बूट दोन महिने आधी घेऊन वापरात आणा. शर्यतीच्या दिवशी अंगावर नवं काहीही नको.

खान्देशातून मुंबईला धावायला जाणाऱ्यांना हवेचा फटका हमखास बसतो. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास असतो आणि हवा कोरडी. घाम येतो आणि लगेच सुकतो. मुंबईत त्याच वेळी वीसेक अंश आणि दमट. घाम अंगावरच राहतो, शरीर थंड होत नाही, आणि जो वेग अमळनेरात सहज जमत होता तोच तिथे दहाव्या किलोमीटरला जड होतो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत दोन-तीन धावा पहाटेऐवजी नऊ-दहाच्या उन्हात करा, आणि शर्यतीत पहिले पाच किलोमीटर ठरवून हळू जा. पुढे पेडर रोडचा चढ आहे. आपला मुलूख सपाट. धुळ्याच्या लोकांना लळिंगचा घाट तरी आहे, तुम्ही रेल्वेच्या नाहीतर नदीच्या पुलावर चढ-उतार करा.

पाणी तहानेप्रमाणे प्या. वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर ग्लासभर साधं पाणी पीत गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, भ्रम होतो, आणि बघणारे आणखी पाणी पाजतात. घरचं ओआरएस सरावातच वापरून पाहा: लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. खायला महागड्या जेलची गरज नाही. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं लागतात आणि मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. केळीच्या रावेर-यावलच्या शेजारी राहून जेल विकत घेणं मला तरी पटत नाही. आदल्या रात्री शेवभाजी, ठेचा, तुपातल्या बट्ट्या, सगळं बंद. वरणभात किंवा मुगाची खिचडी खा. मुंबईतले नातेवाईक आग्रह करतीलच, त्यांना आधीच फोन करून ठेवा.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, आधीच्या दिवसांत एक्स्पोमध्ये जाऊन घ्यावं लागतं. म्हणजे शनिवारची रजा धरा आणि शुक्रवारी रात्रीच्या गाडीचं तिकीट वेळेत काढा.

पाय मुरगळून धावता आलं नाही तर लपवू नका, त्याच दिवशी सगळ्यांना कळवा. पैसे हीटरसाठी आलेत आणि ते संस्थेच्या खात्यात आहेत, परत मागणारा क्वचितच निघतो. धावल्यावर पंधरा दिवसांत जमा रकमेचा एक पानी हिशोब पाठवा. हीटर बसला की बिलाचा आणि बसवलेल्या हीटरचा फोटो पाठवा. मुलींचे चेहरे त्यात नकोत, नावंही नकोत. पाचशे देणाऱ्यालाही तेच पान जाऊ द्या. पुढच्या वर्षी ४२ धावायचं ठरवलंत तर पहिला फोन याच यादीला करायचा आहे.

हाफची नोंदणी पावसाळ्यातच उघडते आणि जागा लवकर भरतात, तेव्हा तिकडे लक्ष ठेवा, आणि परवानगीचा अर्जही याच आठवड्यात द्या. प्रवेश नाहीच मिळाला तर अमळनेर ते पारोळा रस्ता वीसेक किलोमीटर आहे. रविवारी भल्या पहाटे, पोलिसांना कळवून, मागे एक गाडी ठेवून तिथे धावा. देणारे बरेचसे त्याच रस्त्यावर राहतात, मला तर वाटतं तिथे मुंबईपेक्षा जास्तच जमतील.